माझ्यात नसलेला मासा

मी एक जुना ग्रंथ आहे. ग्रंथ म्हटल्यावर हात जोडायला निघाला असाल तर थांबा, मित्रांनो. पाठ करण्यासारखे एकही वचन माझ्यात नाही. फार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या देशात एक विनोदी लेखक होऊन गेला. त्याने मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या आपल्या भाषेत आणून, एकत्र बांधून माझा हा जाडजूड देह तयार झाला. माझ्यात एक मोठी नदी आहे, बोटी आहेत, शाळा बुडवणारी मुले आहेत आणि हात धुऊन त्यांच्या मागे लागलेली मोठी माणसे आहेत. तराफ्यावर चढून बसलेली गाय आणि कवळी घातलेला मासा मात्र माझ्यात कुठेही नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच भानगडी या दोघांनी केल्या आहेत.

माझा मुक्काम दातांच्या एका दवाखान्यात असतो. पायाने दाबले की वर जाणारी खुर्ची, गोल तबकासारखा दिवा, पाणी गरगरत खाली जाणारे छोटे बेसिन आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. खुर्चीच्या डाव्या हाताला काचेचे कपाट. खालच्या फळीवर कापूस, मधल्या फळीवर साचे, वरच्या फळीवर मी.

जो दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतो तो अगदी साधा होता. सकाळची वेळ. खुर्चीत टिटवी बसली होती. हे तिचे खरे नाव नव्हे. हात लागायच्या आधीच ती ओरडते म्हणून डॉक्टरांनी तिला हे नाव दिले होते, आणि तिलाही ते खऱ्या नावापेक्षा आवडत असे. तिच्या खालच्या दाढेला मोठी कीड लागली होती. काम दोन खेपांत व्हायचे होते. डॉक्टरांच्या डाव्या हातात मी, उजव्या हातात छोटा आरसा. मावशी, म्हणजे दवाखाना सुरू झाल्यापासून तिथे काम करणाऱ्या मदतनीस बाई, काचेच्या तुकड्यावर सिमेंट कालवत होत्या.

"म्हातारा नावाडी शिंकला," डॉक्टर माझ्या पानावर नजर ठेवून वाचू लागले, "आणि त्याची कवळी उडून नदीत पडली. ती सापडली एका माशाला. माशाने ती घालून बघितली. थोडी सैल होती, पण शोभत होती."

"बाबा, हे कुठल्या पानावर आहे?" दारातून आवाज आला. डॉक्टरांची लेक आली होती. ती कॉलेजात साहित्य शिकवते. जाता जाता वडिलांचा दुरुस्त करून आणलेला चष्मा द्यायला ती थांबली होती.

"आल्या आमच्या तपासनीस बाई. गोष्ट ऐक की. पान पान काय लावलंयस?"

"कवळी नदीत पडत नाही. मी चारदा वाचलंय हे पुस्तक."

"तू वाचलंस तेव्हा पडली नसेल. आत्ता पडली."

टिटवी खदखदून हसली आणि तिच्या तोंडातला कापसाचा बोळा टुणकन मावशींच्या सिमेंटमध्ये पडला. मावशी म्हणाल्या, "घ्या. आता नव्याने कालवा. बापलेकींनी भांडायचं आणि मी राबायचं."

डॉक्टरांनी त्या दिवशी गोष्ट आणली ती अशा जागी: नदीवरच्या मुलांनी गळ टाकला, मासा वर आला, सगळे दात दाखवून छान हसला आणि म्हणाला, "जरा थांबा, माझं एक काम आहे तुमच्याकडे." इथे त्यांनी मला मिटले.

"मग?" टिटवी म्हणाली.

"मग पुढच्या खेपेला. दाढ अर्धी राहिलीय, गोष्टही अर्धी राहू दे."

लेकीने चष्मा दिला, जेवायला उशीर करू नका म्हणाली आणि गेली. डॉक्टरांनी बाहीने माझी पाठ पुसली, मला वरच्या फळीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला नाही. पहाटे झोपेतच ते गेले होते. मला हे उशिरा कळले. मावशी एकट्याच आल्या, खुर्चीवर चादर घातली आणि दिवा विझलेला असूनही त्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिल्या. तेव्हा मी काय ते समजलो.

मित्रांनो, दुःखाची गोष्ट एवढीच आहे. बाकीची ऐकाल तर तुम्हीही हसाल.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठाले कागद छापून झाले, घड्या घातल्या गेल्या आणि मी जुजबंदीला गेलो, म्हणजे माझ्या घड्या एकेक करून दोऱ्याने शिवल्या गेल्या. शिवणारा म्हातारा बाइंडर आपल्या सोबत्याला म्हणाला, "विनोदी आहे हे. दोरा दुहेरी घाल. हसताना लोक पुस्तक आपटतात." त्याच्या या शहाणपणावर मी आजवर उभा आहे. मग पुठ्ठा आला, वर विटकरी रंगाचे कापड आले, पाठीवर सोनेरी अक्षरे आली. दुकानाच्या काचेत मला दर्शनी जागा मिळाली. लोक थांबून बघत. मी मनातल्या मनात फुगत असे.

पहिल्या मालकाने मला दिवाणखान्यात शोभेला ठेवले. वाचले कधीच नाही. नंतर घर आवरताना रद्दीत दिले. पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मी एका स्वयंपाकाच्या आणि एका कायद्याच्या पुस्तकाखाली दबून पडलो होतो. सोनेरी अक्षरे पुसट झाली होती. गर्वाचे घर खाली म्हणतात, ते मी खालूनच अनुभवत होतो.

तिथे एक दिवस दातांच्या कॉलेजातला एक विद्यार्थी आला. परीक्षेत नापास होऊन आला होता, चेहरा उतरलेला. त्याने मला ओढून काढले, उभ्या उभ्या वाचायला लागला, मग फुटपाथवर बसला, आणि थोड्या वेळाने एवढ्या मोठ्याने हसायला लागला की दुकानदार वैतागला. "साहेब, घ्यायचं तर घ्या, नाहीतर ठेवा. गिऱ्हाईक बिचकतंय." त्याने मला घेतले. पुढे तो पास झाला, आणि हाच मुलगा आमचा डॉक्टर.

सुरुवातीला दवाखान्यात माशा मारायची वेळ होती. मुले तर दारातूनच परत फिरत. एकदा एक मुलगा खुर्चीत बसला, पण ओठ शिवल्यासारखे मिटून. आईने दटावले, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही. डॉक्टर हात टेकून बाजूला बसले आणि आपले मन रमवायला मला उघडून मोठ्याने वाचू लागले. मुलगा आधी हसला. तो हसत असताना डॉक्टरांनी घाईने बोट आत घातले तर त्याने कडकडून चावा घेतला. मग तो गप्प बसून ऐकू लागला, आणि ऐकता ऐकता त्याचे तोंड आपोआप उघडले. लहान मूल गोष्ट ऐकते ते आ वासूनच. डॉक्टरांना आयुष्याची किल्ली सापडली. तेव्हापासून दवाखान्याचा नियम ठरला: हसू आधी, हत्यार नंतर. आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबवायची, म्हणजे मूल दुसऱ्या खेपेला स्वतःच्या पायाने येते.

माझे हे सोन्याचे दिवस होते. पण त्यातच माझ्या मानाला पहिला धक्का बसला. एका मुलीचे काम लांबले. माझे प्रकरण संपले, दाढ भरायची राहिली. डॉक्टरांनी पान उलटले नाही. नजर तिथेच ठेवून ते पुढे वाचत राहिले, जिथे छापलेले काहीही नव्हते. तराफ्यावर एक गाय चढली आणि उतरेना. पोरगी आ वासून ऐकत होती. मी मात्र थक्क. माझ्या लेखकाने रात्री जागून लिहिलेल्या नदीत ही गाय शिरली कुठून?

एकदा शिरली ती शिरलीच. मग गाईच्या मागे एक रुसके वासरू आले, एक बोटीचा कप्तान आला ज्याला पाण्याची भीती वाटे. माझ्यातली मुले होती, नदी होती, पण बाकी सगळा कारभार डॉक्टरांचा. मला हातात धरायचे ते नावापुरते.

डॉक्टरांच्या लेकीने अक्षरे गिरवली ती माझ्यावरच. ओळीखाली बोट धरून ती वाचे. वाचता येऊ लागल्यावर काही दिवसांतच तिने वडिलांना पकडले.

"बाबा, इथे गाय नाहीये."

"गाय एका जागी बसते का? गेली असेल पुढच्या पानावर."

तिने बोट ओले करून माझे प्रत्येक पान उलटले. गाय सापडली नाही. त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली. वडील वाचू लागले की ती पान विचारी, चूक काढी, छापलेला मजकूर म्हणून दाखवी. मला फार बरे वाटे. छापील शब्दालाही कोणी वाली हवा.

पण मित्रांनो, डॉक्टरांच्या हातातून मला आणखी एक दिसे. हत्यारे उकळायच्या खोलीला पडदा होता आणि त्याला एक फट होती. शाळा सुटल्यावर ती तिथे अभ्यासाला बसे. इकडे गोष्ट सुरू झाली की तिकडे पेन्सिल थांबे. गाय तराफ्यावरून पाय घसरून पडायची तेव्हा पडद्याआड ती पेन्सिल दातांत धरून हसू दाबत बसे. मग डॉक्टर डोकावून सहज विचारत, "कशी झाली आज?" ती वहीत बघत म्हणे, "पुस्तकात वेगळं आहे." डॉक्टर मान डोलवून परत फिरत. त्यांना वाटे, हिला आपले वाचन पसंत नाही. एवढी पुस्तके वाचणारी मुलगी; तिचे मत ते फार मानत. पुढे ती मोठी झाली, कॉलेजात शिकवू लागली, तरी दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून गोष्टीच्या वेळेलाच दारात येऊन उभी राहायची. कधी छत्री विसरलेली असे, कधी चष्मा द्यायचा असे. चूक काढायची आणि जायची. खरे काय ते मला माहीत होते, वडिलांना नाही. सांगायला मला तोंड नव्हते. तिला होते.

एकदा मात्र ती हे सांगता सांगता राहिली. दवाखान्यात ऐकलेली गाय मुलांनी पुस्तकातही शोधायची ठरवली. जवळच्या वाचनालयात माझाच एक सख्खा भाऊ होता, त्याच छापखान्यातला, तसाच विटकरी. मुले त्याला घरी नेऊ लागली आणि तक्रारी घेऊन परत येऊ लागली. "बाई, यातली गाईची पानं कुणीतरी फाडलीयत." ग्रंथपाल बाई शिस्तीच्या. पाने फाडली म्हटल्यावर त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. आधी एका गरीब चेहऱ्याच्या मुलावर त्यांनी आळ घेतला. मग तेही जमेना, कारण पृष्ठांक सलग होते. शेवटी माझ्या भावाला काखोटीला मारून त्या तडक दवाखान्यात आल्या.

"डॉक्टर, तुमचं पुस्तक दाखवा."

आम्हा दोघा भावांना हत्यारांच्या ताटात शेजारी शेजारी ठेवले गेले. किती वर्षांनी भेट, आणि ती अशी. बाई दोघांचीही पाने एकदम उलटत होत्या. डॉक्टर छताकडे बघत होते. मावशींना अचानक आतल्या खोलीत काम निघाले. लेकीला त्या दिवशी सुट्टी होती, ती खिडकीत उभी होती.

"दोन्ही सारखीच आहेत," बाई म्हणाल्या. "गाय नाहीच. डॉक्टर, तुमच्याकडे तिसरी कुठली प्रत आहे का?"

"आवृत्ती वेगळी असेल," डॉक्टर पुटपुटले.

"आवृत्ती एकच आहे, मी बघितलं. तूच सांग गं," त्या लेकीकडे वळल्या. "तू तर सगळं वाचून बसलेली असतेस. आहे का यात गाय?"

लेकीने माझ्याकडे पाहिले, मग वडिलांच्या लाल झालेल्या कानांकडे. मला वाटले, आता माझा न्याय होणार.

"गाय आहे," ती शांतपणे म्हणाली. "पण ती फक्त दवाखान्यात येते."

 बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि त्या खुर्चीत चढून बसल्या. "मग मलाही बघू दे ती. तशीही माझी एक दाढ ठणकतेय." त्या दिवसापासून आमच्या पेशंटांत एक भर पडली. रात्री जेवताना डॉक्टर लेकीला म्हणाले होते म्हणे, "आज वाचवलंस." आणि ती म्हणाली होती, "आजच्यापुरतं." दुसऱ्या दिवशी हे मावशींनी मला पुसताना स्वतःशीच सांगितले आणि वर जोडले, "एक शब्द गोड बोलेल तर शपथ."

आता पुन्हा त्या चादर घातलेल्या खुर्चीकडे येतो. दवाखाना बंद राहिला. माझ्यावर धूळ साठली, कसर लागायला सुरुवात झाली. मग एक तरुण डॉक्टरीण दवाखाना चालवायला आली. आमच्या डॉक्टरांच्या हाताखाली ती शिकली होती. हात हलका, स्वभाव घाबरट. मावशी कायम राहिल्या. वडिलांच्या वस्तू घेऊन जायला लेक आली तो दिवस नेमका टिटवीच्या राहिलेल्या खेपेचा निघाला.

टिटवीचा गाल सुजला होता. तिचे वडील बस चालवतात, ते कामावरच्या कपड्यांतच तिला घेऊन आले होते. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला, मायेने म्हणाल्या, "बाळा, तोंड उघड." टिटवीने ओठ घट्ट मिटले.

"आज झालं नाही तर ती दाढ काढावी लागेल," डॉक्टरीणबाई हळूच तिच्या वडिलांना म्हणाल्या. "आणि शेजारच्या दाढेलाही धोका आहे."

"अगं ए, ऐक ना माझं," वडील अजिजीने म्हणाले. "अख्खी बस भरून माणसं माझं ऐकतात. तू का नाही ऐकत?"

टिटवीने ओठ न उघडता कपाटाकडे बोट दाखवले. मावशी म्हणाल्या, "तिला माशाचं पुढचं हवंय. डॉक्टरांनी अर्धं ठेवलं होतं." डॉक्टरीणबाईंनी मला काढले, भराभर चाळले. मासा कुठे सापडणार? त्यांनी हताश होऊन आतल्या खोलीकडे पाहिले. लेक हातात वडिलांचा पांढरा डगला घेऊन पडद्यापाशी उभी होती.

तिने मला हातात घेतले. सवयीने तिचे बोट माझ्या ओळीखाली गेले, आणि तिने जे छापले होते तेच वाचले. नदीवरच्या पहाटेचे सुंदर वर्णन आहे तिथे. टिटवीने तोंड उघडले ते एवढे बोलायला: "हे नाही. हे कंटाळवाणं आहे." आणि पुन्हा मिटले.

मला लागले, पण ती गोष्ट वेगळी. मी लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पुस्तकात मासा नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर आले होते. आयुष्यभर तिने हेच तर सांगितले होते. तिने ते गिळले. माझे एक पान उलटले. नजर ओळींवर ठेवली आणि बोट काढून घेतले.

"मासा म्हणाला, माझं एक काम आहे. दात तर छान मिळाले, पण शेवाळ अडकतं त्यांत."

"त्याचा आवाज असा नाहीये," टिटवी म्हणाली. "त्याची कवळी सैल आहे. शिट्टी वाजते बोलताना."

मित्रांनो, कॉलेजात जिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि जिच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते, त्या बाईंनी ओठ आत ओढून घेतले आणि शिट्टी मारत माशासारखे बोलायला सुरुवात केली. बसचालक वडील तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळले. "माझ्याकडे ब्रशही आहे," मासा म्हणाला, "पण धरायला हात नाही. मासा आहे ना मी. पंखाने ब्रश धरला की तो कानात जातो, आणि मला तर कानही नाहीत."

टिटवी हसली. लेक पुढे वाचू लागली. मुलांनी माशाला तराफ्यावर घेतले. त्याच्या डोक्याखाली ओला टॉवेल ठेवला. मोठ्या मुलाने ब्रश हातात घेतला आणि म्हणाला, "आ कर बघू."

"माशाने केला?" टिटवी.

"केला. एवढा मोठा, आ."

टिटवीनेही केला. डॉक्टरीणबाईंचा हलका हात तेवढ्यात आत गेला आणि कामाला लागला. मासा आ करून पडला होता, टिटवी आ करून ऐकत होती, आणि लेक वाचत होती, त्यातला एक शब्दही पानावर छापलेला नव्हता. मुलांनी पुढचे दात घासले, बाजूचे घासले. अगदी मागच्या दाढेपाशी काहीतरी चमकले. इथे डॉक्टरीणबाईंनी मान हलवून काम झाल्याचे सांगितले, आणि लेकीने मला मिटले. मावशी स्वच्छ ताट पुन्हा एकदा धूत होत्या.

मित्रांनो, पुस्तकांना जपा. बोट ओले करून पान उलटू नका, कोपरे दुमडू नका, कसर लागली तर ऊन दाखवा. आम्ही टिकतो. दुहेरी दोऱ्याने शिवलेले असलो तर माणसापेक्षाही टिकतो. आमच्यातले शब्द केव्हाही वाचले तरी जागेवर असतात. पण वाचून दाखवणारा आवाज तसा फळीवर ठेवता येत नाही. तो आवडत असेल तर त्याला तसे सांगून टाका. एवढीच या जुन्या ग्रंथाची विनंती आहे.

टिटवी खुर्चीतून उतरली, चूळ भरली, आणि निघता निघता लेकीजवळ थांबली.

"मला माहितेय, ते पुस्तकात नाहीये. मला वाचता येतं. डॉक्टरांनी तर एकदा पुस्तक उलटंच धरलं होतं."

"मग त्यांना बोलली का नाहीस?"

"मग ते थांबले असते ना." टिटवीने सुजलेला गाल चाचपला. "मावशी म्हणतात, तुम्ही खूप पुस्तकं वाचलीयत. मग सांगा, कुठली गोष्ट जास्त चांगली? यातली की डॉक्टरांची?"

मी लेकीच्या हातात होतो. एरवी अशा प्रश्नाला मी छाती काढून उभा राहिलो असतो. त्या दिवशी मात्र जीव मुठीत धरून मी वेगळेच उत्तर यावे म्हणून वाट बघत होतो. तिने मला कपाटात ठेवले, दार लावले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघितले.

"बाबांची," ती म्हणाली. आवाज थोडा चिरकला, म्हणून तिने पुन्हा, नीट आणि मोठ्याने सांगितले, "मला लहानपणापासून बाबांचीच आवडते."